मागे येणारा डंपर

२२ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटेची गोष्ट. जालना जिल्ह्यातल्या जाफराबाद तालुक्यात एका पुलाचं काम चालू होतं. मजूर तिथंच पत्र्याच्या शेडमध्ये झोपले होते. वाळूचा टिप्पर आला आणि वाळू त्या शेडवरच ओतली गेली. पाच जणांचा जीव गेला.

बांधकामावरचा अपघात म्हटलं, की आपल्याला पडलेली परात किंवा कोसळलेला मजूर आठवतो. जमिनीवर फिरणारी वाहनं मात्र ध्यानात येत नाहीत. असं का होतं, ते पाहू.

डंपरचा ड्रायव्हर उंच बसतो. आरशात त्याला गाडीच्या दोन्ही बाजू दिसतात, पण हौद्याच्या अगदी मागची जागा दिसत नाही. पुढच्या बंपरखालचा भागही नजरेआड राहतो. तिथं वाकून खडी भरणारा बिगारी त्याच्या दृष्टीनं नसतोच. गाडी ताशी दहा किलोमीटर वेगानं मागे आली, तरी सेकंदाला पावणेतीन मीटर अंतर कापते. मिक्सरच्या घरघरीत मजुराला हॉर्न ऐकू येत नाही आणि आला तरी दिवसभर वाजणाऱ्या आवाजाची सवय झालेली असते. पोकलेनचा धोका वेगळा. ते जागेवरच वळतं, तेव्हा त्याची जड पाठ फिरते आणि भिंतीजवळ उभा असलेला माणूस मध्ये चिरडतो.

उपाय फार खर्चाचे नाहीत. गाड्यांची वाट आणि माणसांची वाट दोरी किंवा पत्रे लावून वेगळी करावी. शक्यतो गाडीला मागे यावंच लागू नये, अशी ये-जा आखावी. मागे घ्यावीच लागली, तर शिट्टी घेतलेला एकच माणूस इशारा करणारा हवा, आणि तो दिसेनासा झाला की ड्रायव्हरनं ब्रेक दाबावा. अंगात चमकणारं जाकीट असावं. दुपारी गाडीच्या सावलीत कुणी पडू नये. झोपायची जागा वाहनांच्या वाटेपासून दूर असावी.

बांधकाम मजुरांसाठी १९९६ साली स्वतंत्र कायदा झाला, पुढं कामगार संहिताही आल्या. पण कायदा कामावर उतरतो तो मुकादमाच्या शिस्तीतून. आपल्या सोसायटीचं काम निघालं, तर कंत्राटदाराला भावाबरोबर एवढंही विचारा, 'गाडी मागे घेताना इशारा कोण करतो?' उत्तर मिळालं नाही, तर काम सुरू करू देऊ नका.