हृद्‌रोगचिकित्सा, व्यक्तिविशिष्ट

रोग्याची आनुवंशिक घडण विचारात घेऊन हृद्‌रोगावरील औषधाची निवड व मात्रा ठरविण्याच्या पद्धतीस व्यक्तिविशिष्ट हृद्‌रोगचिकित्सा म्हणतात. वय, वजन व मूत्रपिंडांचे कार्य पाहून मात्रा कमीजास्त करणे वैद्यकात पूर्वीपासून चालत आले आहे. नवीन आहे ती जीनांच्या (आनुवंशिक घटकांच्या) परीक्षेची भर. औषधाला मिळणारा प्रतिसाद आनुवंशिक असू शकतो, हे १९५७ मध्ये आर्नो मोटुल्स्की यांनी दाखवून दिले.

या पद्धतीचे सर्वांत बोलके उदाहरण क्लोपिडोग्रेल या औषधाचे आहे. हृद्‌रोहिणीत (हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणाऱ्या वाहिनीत) स्टेंट म्हणजे धातूची जाळीदार नळी बसविल्यावर तीत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून अ‍ॅस्पिरिनच्या जोडीला ते देतात. पोटात जाते तेव्हा ते निष्क्रिय असते. शोषल्या गेलेल्या मात्रेचा सु. ८५ टक्के भाग निरुपयोगी पदार्थांत बदलतो. उरलेला भाग यकृतात दोन टप्प्यांत सक्रिय होऊन बिंबाणूंना परस्परांस चिकटू देत नाही. या रूपांतरात सीवायपी२सी१९ या एंझाइमाचा मोठा वाटा असतो. ज्यांच्या या जीनाच्या दोन्ही प्रती सदोष असतात त्यांच्यात सक्रिय द्रव्य फार कमी तयार होते. असा रोगी गोळी न चुकता घेत असला, तरी त्याला पुरेसे संरक्षण मिळत नाही आणि स्टेंट अकस्मात बंद पडण्याचा धोका वाढतो. ही घटना बहुधा प्राणावर बेतते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० मध्ये याबाबत औषधाच्या माहितीपत्रकात ठळक इशारा घालावयास लावला. दक्षिण आशियातील लोकांत या जीनाच्या सदोष प्रकाराचे प्रमाण यूरोपीयांच्या सु. दुप्पट असल्याने हा प्रश्न भारताला अधिक जवळचा आहे.

मग सर्वांनाच प्रासुग्रेल वा टिकाग्रेलॉर ही अधिक प्रभावी औषधे का देऊ नयेत? त्यांच्यामुळे रक्तस्राव अधिक होतो, हे त्याचे उत्तर होय. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका यूरोपीय चाचणीत जीन निर्दोष असलेल्यांना क्लोपिडोग्रेल व इतरांना प्रभावी औषध दिले, तेव्हा गुठळ्यांचे प्रमाण न वाढता रक्तस्राव घटला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ५,००० हून अधिक रोग्यांवरील दुसऱ्या चाचणीत मात्र जीनपरीक्षेचा लाभ सांख्यिकीय दृष्ट्या थोडक्यात सिद्ध होऊ शकला नाही. त्यामुळे सरसकट परीक्षेविषयी तज्ञांत अद्याप एकमत नाही.

वॉरफारीन हे रक्त गोठणे मंदावणारे औषध १९४८ च्या सुमारास उंदीर मारण्यासाठी वापरात आले व १९५४ मध्ये माणसांसाठी मान्य झाले. त्याची योग्य मात्रा व्यक्तीव्यक्तींत दहापटींपर्यंत बदलते. कमी पडल्यास गुठळी, जास्त झाल्यास रक्तस्राव, असा हा दुहेरी धोका आहे. सीवायपी२सी९ व व्हीकेओआरसी१ या जीनांवरून मात्रेचा बराचसा अंदाज बांधता येतो. तथापि २०१३ च्या दोन चाचण्यांचे निष्कर्ष परस्परविरोधी निघाले. यूरोपीय चाचणीत जीनाधारित मात्रा ठराविक मात्रेपेक्षा सरस ठरली. अमेरिकी चाचणीत तुलना वय, वजन इ. बाबींवरून काढलेल्या मात्रेशी होती व तेथे फरक दिसला नाही. उलट कृष्णवर्णीय रोग्यांत जीनाधारित मात्रेने रक्तनियंत्रण अधिक बिघडले. त्यांच्यात आढळणारे काही जीनप्रकार गणितात धरलेलेच नव्हते. एका समाजावरून बसविलेले सूत्र दुसऱ्यास तसेच लावणे किती घातक ठरू शकते, ते यावरून दिसते.

रोगाच्या संभवाबाबतही हीच सावधगिरी लागते. हृद्‌स्नायूतील एका प्रथिनाच्या एमवायबीपीसी३ या जीनातील २५ घटकांचा लोप भारतीय उपखंडातील सु. ४ टक्के लोकांत आढळतो व तो हृद्‌स्नायुविकाराशी निगडित आहे, असे २००९ मध्ये भारतीय संशोधकांच्या सहभागाने झालेल्या संशोधनात दिसून आले. परंतु हा लोप असलेले अनेक जण निरोगी राहतात. पुढील संशोधनानुसार त्याच जीनातील आणखी एक बदल सोबत असणाऱ्या थोड्या व्यक्तींतच धोका अधिक असावा.