दूध तोडले, पण वाटीत काय?

सोयाबीनची सोंगणी लागली की आमच्या कामरगावात सकाळी सात वाजताच बाया डबे बांधून ऑटोची वाट पाहत उभ्या असतात. घरी राहतात म्हाताऱ्या आणि लेकरे. याच दिवसांत वस्तीतल्या कितीतरी लेकरांचे अंगावरचे दूध तुटते. लेकरू मोठे झाले म्हणून नव्हे, हंगाम आला म्हणून. मागच्या हंगामात आमच्याही घरी हेच घडले. चूक आमचीच होती, म्हणून हे लिहीत आहोत.

आमच्या धाकट्या भावाची मुलगी तेव्हा पंधरा महिन्यांची होती. घरात सगळे तिला छकुली म्हणतात. भावजय सोंगणीला जाणार हे ठरले, तशी आई म्हणाली, "वरसानंतर दुधात काही दम नसते. तोडून टाका एकदाचं." आम्ही बी. कॉम. झालेलो, दिवसभर लोकांच्या खातेवह्या तपासणारे. लगेच हिशेब मांडला. बारा दिवस, रोजी अडीचशे, म्हणजे तीन हजार रुपये. घरात शहाणे आम्हीच, असे समजून निर्णय देऊन टाकला. भावजय एवढेच म्हणाली, "दादा, थे रात्री उठते अजून." आम्ही ते कानाआड केले.

त्या रात्री कडुलिंबाचा पाला वाटून लावला. छकुलीने तोंड लावले, थुंकली आणि आईच्या तोंडाकडे पाहत राहिली. मग जी रडू लागली, ती शेजारच्या घरात दिवा लागेपर्यंत. दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या रात्री तिने मागितलेच नाही. आम्ही म्हणालो, सुटले.

दूध सुटले खरे, पण त्याच्या जागी काय आले हे पाहायला घरी कोण होते? आम्ही कचेरीत, भाऊ कामावर, भावजय शेतात. आई सकाळी चहात बिस्किट बुडवून देई. दुपारी वरणाचे वरवरचे पाणी आणि चार घास भात. रडली की पाच रुपयांचा पुडा. आईला दोष देत नाही. आम्हा भावंडांना तिने असेच वाढवले, आणि सत्तरीच्या बाईने पळत्या लेकरामागे वाटी घेऊन फिरावे तरी किती? दहाव्या दिवशी छकुलीला जुलाब लागले. खासगी दवाखाना, सलाईन, औषधे मिळून दोन हजार सातशे रुपये गेले. तीन हजारांतले तीनशे उरले. हा हिशेब आम्ही आधी मांडला नव्हता.

पुढच्या आठवड्यात अंगणवाडीत वजन केले. सोंगणीआधी ८ किलो ४०० ग्रॅम होते, ते ७ किलो ७०० ग्रॅम भरले. अंगणवाडीताईने दंडाला पट्टी लावली. ही रंगीत पट्टी प्रत्येक आईबापाने ओळखली पाहिजे. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या लेकराच्या दंडाचा घेर साडेबारा सेंटिमीटर किंवा जास्त असेल तर हिरवा रंग, त्याखाली पिवळा, आणि साडेअकराच्या खाली गेला की लाल, म्हणजे तीव्र कुपोषण. छकुली पिवळ्यात होती. ताई रागावली नाही. म्हणाली, "दूध काऊन तोडलं हे मी नाही विचारत. वाटीत काय देता, थे सांगा."

आम्हांला उत्तर देता आले नाही.

त्या दिवशी ताईने जे समजावले आणि नंतर आम्ही जे वाचले, ते असे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की पहिले सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे, सहा महिने पूर्ण होताच सोबत वरचे अन्न सुरू करावे आणि दूध दोन वर्षे किंवा त्याहून पुढेही चालू ठेवावे. वर्षानंतर दुधात दम नसतो, हे खरे नाही. दुसऱ्या वर्षातही लेकराला लागणाऱ्या उष्मांकाचा सुमारे तिसरा हिस्सा आईच्या दुधातून मिळू शकतो. आम्ही तो तिसरा हिस्सा एका रात्रीत काढून घेतला आणि बदल्यात दिले वरणाचे पाणी. वरणाचे सत्त्व तळाशी बसलेल्या डाळीत असते, ते आपण मोठ्यांच्या ताटात वाढतो. चहाचे तर विचारूच नका. अन्नातले लोह अंगी लागायला चहा आडवा येतो.

लेकराचे पोट त्याच्या मुठीएवढे. ते पातळ पाण्याने भरले की भूक मरते, पण अंगाला काही लागत नाही. म्हणून अन्न घट्ट हवे. चमचा तिरपा केला तरी पटकन सांडू नये, इतके. तीन वाट्या तांदूळ किंवा ज्वारी, एक वाटी मुगाची डाळ, दोन्ही भाजून भरडून डब्यात ठेवावे. त्यातले मूठभर शिजवून वर चमचाभर गोडे तेल आणि बारीक शेंगदाण्याचा कूट घालावा. जमेल तेव्हा अंडे कुस्करून द्यावे. वर्षावरच्या लेकराला असे दिवसातून तीन-चार वेळा आणि मध्ये एखादे केळे. अंगणवाडीतून घरी मिळणारा आहारही लेकराच्याच वाटीत जावा. तो कोंबड्यांपुढे टाकलेला आम्ही स्वतः पाहिला आहे.

हे दुखणे आपल्याच वस्तीचे नाही. आफ्रिकेत, आजच्या घाना देशात, सिसिली विल्यम्स नावाच्या डॉक्टर बाईंनी १९३३ साली अंगावर सूज येणाऱ्या, केसांचा रंग उडणाऱ्या लेकरांचे वर्णन लिहिले. दूध तुटलेली ही लेकरे मक्याच्या पेजेवर जगत होती. तिथल्या गा भाषेत या रोगाला 'क्वाशिओरकोर' म्हणत. पाठचे भावंड आले की थोरल्याला होणारा आजार, असा त्याचा अर्थ. डॉक्टरांच्या आधी तिथल्या बायांना कारण कळले होते.

मग बायांनी कामाला जाऊ नये का? असे म्हणणाऱ्याने आधी त्यांची रोजी भरून द्यावी. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात कारखान्यांतल्या बायांना बाळंतपणाचा लाभ देणाऱ्या विधेयकाला बाबासाहेबांनी पाठिंबा दिला, आणि १९२९ साली तो कायदा झाला. पुढे १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याने लेकरू पंधरा महिन्यांचे होईपर्यंत आईला कामाच्या वेळेत दोनदा अंगावर पाजण्याची सुटी ठरवून दिली. पंधरा महिने! छकुली नेमकी त्याच वयाची होती. पण सोंगणीच्या धुऱ्यावर कसली हजेरी आणि कसली सुटी?

ताईच्या सांगण्यावरून भावजयीने रात्री पुन्हा अंगावर घेतले. पहिले चार-पाच दिवस दूध नावालाच होते, मग येऊ लागले. दिवसाची वाटी मात्र आता आम्हा दोघा भावांकडे आहे. सकाळची आमच्याकडे, संध्याकाळची भावाकडे. पहिल्या दिवशी ओट्यावर वाटी-चमचा घेऊन बसलो तर समोरचे काका म्हणाले, "काय बाप्पा, आयाची नोकरी लागली काय?" हसू द्या. दुपारची वाटी आई भरवते, पण डाळ तळातून काढून. पुढे दूध सोडवायचे तेव्हा आधी दुपारचे, काही दिवसांनी संध्याकाळचे आणि सगळ्यांत शेवटी रात्रीचे, असे ठरले आहे. कडुलिंब नाही. आणि लेकरू आजारी असताना तर नाहीच.

कापूस वेचणीला भावजय गेली. तुरीलाही गेली. मार्चमध्ये छकुलीचे वजन ९ किलो १०० ग्रॅम भरले आणि पट्टी हिरव्यावर आली. आई अजूनही सकाळी चहात बिस्किट बुडवते. छकुलीने हात पुढे केला की म्हणते, "तुह्या मोठ्या बाबाले विचार."