नाव आणि आज्ञासंच : संगणकाच्या प्रोसेसरची ओळख

संगणकावर नवी ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे नवी कार्यप्रणाली, बसवू पाहणाऱ्या मनुष्यापुढे पहिली अडचण उभी राहते ती यंत्राची नव्हे, नावाची. त्याच्या संगणकावर 'इंटेल' अशी मुद्रा असते. 'डेबियन' ह्या लिनक्स प्रणालीच्या निरनिराळ्या प्रतींची यादी तो पाहतो, तो तीत 'एएमडी६४' व 'एआरएम६४' ही नावे आढळतात. इंटेलचे नाव कोठेच नसते. एएमडी ही तर इंटेलची प्रतिस्पर्धी कंपनी. तेव्हा आपल्या यंत्राची येथे सोय नाही, असा निष्कर्ष तो काढतो. हा निष्कर्ष सर्वस्वी चुकीचा आहे. परंतु तो अज्ञानापेक्षा शब्दाच्या सरळ वाचनातून उद्भवलेला आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे.

ह्या प्रश्नास आज विशेष महत्त्व आले आहे. विंडोज १० ह्या प्रणालीस मिळणारा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपुष्टात आला, आणि तिच्यामागून २०२१ साली आलेली विंडोज ११ ही पुष्कळ जुन्या संगणकांना स्वीकारीत नाही. असे संगणक लिनक्ससारख्या प्रणालीवर आणखी काही वर्षे उत्तम चालू शकतात. बोलींची ध्वनिमुद्रणे व शब्दसंग्रह ज्यांवर साठविले आहेत अशी यंत्रे बाळगणाऱ्या अभ्यासकास तर हा भेद उपयोगाचाच आहे. प्रोसेसरचा प्रकार ओळखण्यात चूक झाली, तर धडधाकट यंत्र भंगारात जाते.

प्रोसेसरचा 'प्रकार' म्हणजे नेमके काय, हे प्रथम पाहू. प्रत्येक प्रोसेसरला काही ठराविक आज्ञाच कळतात. त्या आज्ञांच्या समुच्चयास आज्ञासंच म्हणतात. कार्यप्रणाली ही अखेर ह्याच आज्ञांत लिहिलेली असल्यामुळे, ती ज्या आज्ञासंचासाठी सिद्ध केली असेल तो संच जाणणाऱ्या प्रोसेसरवरच चालते. यंत्र कोणी घडविले हा प्रश्न येथे गौण होय; यंत्रास कोणती भाषा समजते हा प्रश्न मुख्य होय.

इंटेलने १९७८ साली '८०८६' हा प्रोसेसर बाजारात आणला. पुढील '८०१८६', '८०२८६' व '८०३८६' ह्यांच्या अंकांतील समान शेवटावरून ह्या कुलास 'एक्स८६' हे नाव पडले. १९८५ सालच्या ८०३८६ ने ह्या कुलात ३२ बिटांची रीत आणली. ३२ बिटांनी २ चा ३२ वा घात, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ इतकेच पत्ते दर्शविता येतात. म्हणून अशा रीतीत एका कार्यक्रमास एका वेळी ४ गिगाबाइटांपलीकडील स्मृती हाताळता येत नाही. ही मर्यादा ओलांडण्यासाठी इंटेलने 'आयए-६४' हा अगदी निराळा आज्ञासंच स्वीकारला. त्याचा 'इटेनियम' हा प्रोसेसर २००१ साली आला. एएमडीने मात्र जुना एक्स८६ संच कायम ठेवून त्याचाच ६४ बिटांपर्यंत विस्तार केला व २००३ साली 'ऑप्टेरॉन' हा प्रोसेसर काढला. जुने कार्यक्रम चालू राहत असल्यामुळे हीच रीत रूढ झाली. २००४ साली इंटेलनेही ती उचलली. इटेनियमची विक्री २०२१ साली थांबली.

आजचा घोटाळा ह्या इतिहासातून उत्पन्न झाला आहे. एकाच आज्ञासंचास एएमडीने 'एएमडी६४', इंटेलने 'इंटेल ६४', मायक्रोसॉफ्टने 'एक्स६४' आणि लिनक्सच्या गाभ्याने 'एक्स८६_६४' असे म्हटले. उलटपक्षी 'इंटेल ६४' व 'आयए-६४' ही नावे सख्ख्या भावांसारखी दिसत असूनही त्यांचे अर्थ सर्वथा भिन्न आहेत. अर्थविस्ताराचा हा प्रकार भाषाभ्यासकास नवा नाही. 'तेल' हा शब्द मुळात तिळापासून निघाला. तरी 'खोबरेल तेल' म्हणताना कोणास त्यात तीळ शोधावेसे वाटत नाहीत. 'एएमडी६४' मधील एएमडी हा असाच व्युत्पत्तीचा अवशेष होय. डेबियनच्या 'आय३८६' ह्या नावाची गोष्ट तर ह्याहून विलक्षण आहे. २०१७ सालच्या नवव्या आवृत्तीपासून त्या नावाच्या प्रतीस '६८६' वर्गाचा प्रोसेसर लागू लागला. म्हणजे खुद्द ८०३८६ वर ती चालत नाही. २०२५ सालच्या तेराव्या आवृत्तीत तर आय३८६ साठी स्वतंत्र स्थापनप्रत उरलेलीच नाही.

तेव्हा नावावर न विसंबता यंत्रालाच विचारणे श्रेयस्कर. विंडोजमध्ये 'सेटिंग्ज', त्यात 'सिस्टिम' व त्यात 'अबाउट' ह्या ठिकाणी 'सिस्टिम टाइप' ही ओळ सापडते. तीत दोन विधाने असतात : एक कार्यप्रणालीविषयी, दुसरे प्रोसेसरविषयी. कार्यप्रणाली ३२ बिटांची, परंतु प्रोसेसर 'एक्स६४' असे दिसल्यास यंत्राची योग्यता ६४ बिटांची आहे असे समजावे. अ‍ॅपलच्या संगणकात २०२० पासून एआरएम कुलाचे प्रोसेसर आले. तेथे यंत्राच्या माहितीत 'चिप' हे शीर्षक असेल, तर यंत्र नव्या कुलाचे. 'प्रोसेसर' असेल, तर इंटेलचे.

लिनक्समध्ये 'युनेम' ह्या आज्ञेस 'एम' हा विकल्प जोडून विचारण्याची प्रथा आहे. तथापि ही आज्ञा चालू असलेल्या गाभ्याचा प्रकार सांगते, प्रोसेसरची योग्यता नव्हे. ६४ बिटांच्या यंत्रावर ३२ बिटांचा गाभा बसविला असेल, तर उत्तर 'आय६८६' असेच येते. वक्ता ज्या भाषेत बोलत आहे तेवढीच त्याला येते, असे मानण्यासारखी ही चूक आहे. म्हणून 'एलएससीपीयू' ही आज्ञा द्यावी व प्रोसेसरच्या कार्यरीतींची ओळ वाचावी. तीत ३२ व ६४ ह्या दोहोंचा उल्लेख असल्यास शंका उरत नाही. प्रोसेसरच्या गुणखुणांच्या यादीत 'एलएम', म्हणजे 'लाँग मोड', ही दोन अक्षरे असणे हीही तीच साक्ष होय.

एवढ्यानेही काम संपत नाही. २०१३-१४ च्या सुमारास निघालेल्या काही स्वस्त टॅब्लेटांत प्रोसेसर ६४ बिटांचा, परंतु यंत्र जागे करणारी यूईएफआय ही मूळ प्रणाली ३२ बिटांची होती. त्यांवर सामान्य ६४ बिटांची प्रत सुरूच होत नसे. तसेच एक्स८६_६४ ह्या एका नावाखाली आता पायऱ्या पडल्या आहेत. २०२० साली त्यांचे चार स्तर निश्चित करण्यात आले. 'रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स'च्या २०२२ सालच्या नवव्या आवृत्तीस दुसरा, तर २०२५ सालच्या दहाव्या आवृत्तीस तिसरा स्तर आवश्यक ठरला. म्हणजे २००३ चा प्रोसेसर व आजचा प्रोसेसर एकच भाषा जाणतात हे खरे. परंतु नव्याचा शब्दसंग्रह जुन्यास ठाऊक नाही.

सारांश, तीन प्रश्न क्रमाने विचारावेत : आज्ञासंचाचे कुल कोणते, त्यातील बिटांची योग्यता किती, आणि इष्ट प्रणालीस लागणारा स्तर यंत्रापाशी आहे काय. चालू कार्यप्रणाली ३२ बिटांची आहे, किंवा यादीत आपल्या कंपनीचे नाव नाही, एवढ्या कारणावरून कोणतेही यंत्र टाकाऊ ठरवू नये. नावे घडविणाऱ्यांनी ती आपल्या सोयीने व स्पर्धेच्या भरात घडविली. वाचणाऱ्याने ती व्युत्पत्तीने नव्हे, प्रयोगाने वाचावीत, हेच येथे हितावह होय.