एक्सप्लेनर : सेकंदाला ५ हजार बेरजा, तरी उद्याच्या अंदाजाला २४ तास! ‘एनियॅक’ कुठे अडला?

कॉम्प्युटरवर हवामानाचा अंदाज पहिल्यांदा काढला गेला तो १९५० मध्ये, अमेरिकेत, ‘एनियॅक’वर. पुढच्या २४ तासांचा अंदाज हाती यायला जवळपास २४ तासच लागले. म्हणजे उद्याचे हवामान कळेपर्यंत उद्या उजाडलेला! गंमत म्हणजे, हिशेबाच्या वेगात हे यंत्र मुळीच कमी नव्हते.

एनियॅकची ताकद किती होती?

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात तयार झालेला हा सुमारे ३० टनांचा कॉम्प्युटर फेब्रुवारी १९४६ मध्ये जगासमोर आला. मूळ काम लष्कराचे : तोफगोळा कुठे पडेल, याचे तक्ते बनवणे. हवेत मिनिटभर राहणाऱ्या एका गोळ्याचा मार्ग काढायला माणसाला टेबलावरच्या गणनयंत्रावर सुमारे २० तास लागत. एनियॅकला ३० सेकंद पुरत. गोळा जमिनीवर पडायच्या आत उत्तर तयार.

हा वेग आला व्हॅक्यूम ट्यूबमुळे. बेरीज करताना चाके फिरत नसत, फक्त वीज चालू-बंद होई. पण १७ हजारांहून अधिक ट्यूब म्हटल्यावर दर एक-दोन दिवसांनी एखादी जायचीच. तरी ती शोधून बदलता येत असे. खरी अडचण वेगळीच होती.

मग घोडे कुठे अडले?

मेमरीत. एनियॅकला हिशेब करताना एका वेळी दहा-दहा अंकी फक्त २० संख्या लक्षात ठेवता येत. हवामानासाठी मात्र उत्तर अमेरिका आणि भोवतालचा भाग १५ बाय १८ चौकटींच्या जाळीत मांडलेला. एवढे आकडे ठेवायचे कुठे? पंचकार्डांवर! यंत्राने थोडा हिशेब करायचा, उत्तरे भोके पाडून कार्डांवर उतरवायची, माणसांनी ती कार्डे लावून पुन्हा यंत्रात घालायची. अंदाज काही तासांनी पुढे सरकला की पुन्हा तेच. चमूने ३३ दिवस रात्रंदिवस काम केले, सुमारे १ लाख कार्डे लागली. वेळ खाल्ला तो बेरजांनी कमी आणि कार्डांच्या उस्तवारीने जास्त.

तरी तोवर एक कटकट मिटली होती. सुरुवातीला नवे गणित द्यायचे तर वायरी काढून नव्याने जोडाव्या लागत, त्यातच कित्येक दिवस जात. हे किचकट काम सहा तरुणींनी पेलले. १९४६ च्या गाजावाजात त्यांची नावे मात्र मागेच राहिली. १९४८ पासून सूचना स्विच फिरवून देता येऊ लागल्या.

उपाय कधी सापडला?

खरे तर तो तेव्हाच सापडलेला होता. केंब्रिजमध्ये मे १९४९ मध्ये सुरू झालेला ‘एडसॅक’ आकडे आणि सूचना दोन्ही स्वतःच्या मेमरीत ठेवायचा. ही मेमरी म्हणजे पाऱ्याने भरलेल्या नळ्या आणि त्यांतून सतत फिरणाऱ्या ध्वनिलहरी!

एनियॅकचे तेच हवामानाचे गणित २००८ मध्ये नोकिया ६३०० या बटणांच्या मोबाइलवर पुन्हा करून पाहण्यात आले. २४ तासांच्या अंदाजाला एक सेकंदही लागला नाही.