शाळेच्या अंगणात लोककला

महाराष्ट्राच्या लोकजीवनाने संगीत व नृत्य यांचे वैविध्यपूर्ण भांडार जतन केले आहे. पालघर जिल्ह्यातील तारपा, सिंधुदुर्गातील दशावतार, गोंधळ्यांचे संबळ, धनगरांचे गजनृत्य, पूर्व विदर्भातील दंडार ही त्याची काही ठळक उदाहरणे होत. शाळेशी या कलांचा संबंध मात्र बहुधा वार्षिक स्नेहसंमेलनापुरताच येतो. ध्वनिमुद्रित गीतावर, भाड्याच्या वेशभूषेत बसविलेल्या पाच मिनिटांच्या नाचाला टाळ्या मिळतात; कलेची ओळख मात्र होत नाही. ती व्हावयाची तर कलावंताने शाळेत यावयास हवे आणि मुलांनी त्याच्यापाशी बसून शिकावयास हवे.

धोरणाचा आधार

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात स्थानिक कलावंत व कारागीर यांना शाळेत मार्गदर्शनासाठी बोलावण्याचा विचार मांडलेला आहे. सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवस दप्तराविना असावेत, असेही त्यात सुचविले आहे. कार्यशाळेस हे दिवस सोयीचे आहेत. कलावंतांच्या शोधात नागपूर येथील दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रासारख्या संस्थांचेही साहाय्य घेता येईल.

तारप्याचे उदाहरण

वाळविलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा भोंगा आणि सांधे बुजविण्यासाठी मेण, एवढ्या साहित्यातून तारपा सिद्ध होतो. वादक श्वास न तोडता तो वाजवीत राहतो. वारली स्त्रीपुरुष एकमेकांना धरून त्याच्याभोवती फेर धरतात आणि सूर बदलला की पावलेही बदलतात. वारली चित्रांतील परिचित वलय ते हेच. या एका वाद्यात विज्ञान, परिसर अभ्यास, चित्रकला व संगीत यांचे धडे सामावलेले आहेत. भातकापणीनंतरचा काळ हा या नृत्याचा हंगाम. म्हणून कार्यशाळाही त्याच सुमारास योजणे उचित ठरेल.

याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. प्रमाण भाषेत उत्तर देताना अडखळणारे आदिवासी मूल या फेरात सर्वांच्या पुढे असते. घरची कला गुरुजींनी आदराने पाहिली, की त्या मुलाची मानही ताठ होते. परप्रांतातून आलेल्या मुलांच्या घरच्या गाण्यांनाही हाच न्याय लावावयास हवा.

काही दक्षता

गोंधळासारखे प्रकार हे कुलाचार आहेत. त्यांतील कोणता भाग शाळेत दाखवावा, याचा निर्णय त्या समाजाच्या जाणत्या मंडळींवरच सोपवावा. एकाच दिवसाच्या प्रयोगापेक्षा सलग काही दिवसांचा सहवास अधिक फलदायी ठरतो. सर्व मुलामुलींना सहभाग मिळावा; स्पर्धा व क्रमांक यांना येथे स्थान नसावे.

मानधनाचा प्रश्न तर टाळता येण्याजोगा नाही. मजुरी बुडवून आलेल्या कलावंताची शाल व श्रीफळ देऊन बोळवण करणे हा सन्मान नव्हे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यान्वये शाळा व्यवस्थापन समितीने शाळा विकास आराखडा तयार करावयाचा असतो. मानधन व प्रवासखर्च यांचा विचार त्या वेळीच व्हावा.

गावातील कलावंतांची साधी यादी करणे, हे ग्रामपंचायतीस आजही सहज शक्य असलेले पहिले पाऊल होय. अनेक ठिकाणी हे वादक आता वृद्ध झाले आहेत. त्यांच्या हातचे वाद्य मुलांच्या हाती त्यांच्या हयातीतच पडले, तरच ही परंपरा पुढे चालू राहील.