मॅनिफोल्डला वाढायला जागा द्या

साजगाव खोपोलीला लागून, बोरघाटाच्या पायथ्याशी. इथून भरलेली गाडी खंडाळ्याकडे निघाली की काही किलोमीटरांत सुमारे ५०० मीटर चढते, तेही खालच्या गिअरवर, इंजिनावर सगळा भार घेत. जुन्या पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन बसवायची रीत आपल्याकडे जुनी आहे. अशा गाडीत इंजिन बसवणाऱ्याने एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं काम किती मन लावून केलंय, ते हा घाट दाखवतो.

मॅनिफोल्ड म्हणजे हेडला आवळलेला बिडाचा तुकडा. सगळ्या सिलिंडरांचा जळका वायू गोळा करून तो सायलेन्सरच्या नळीत सोडतो. दुसऱ्या गाडीसाठी ओतलेला मॅनिफोल्ड आपल्या जीपमध्ये चेसिसला किंवा स्टिअरिंगच्या दांड्याला अडतो आणि मग तो कापायची वेळ येते. पण आधी तो उलटा करून बसतो का, ते पाहावं. त्याच इंजिनाच्या दुसऱ्या मॉडेलचा मॅनिफोल्ड मिळतो का, तेही शोधावं. न कापलेल्या बिडाची बरोबरी कुठलाही वेल्ड करत नाही.

कारण साधं आहे. पूर्ण भारावर डिझेलचा धूर ६००-७०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. अर्धा मीटर लांबीचं बीड ६०० अंशांनी तापलं की सुमारे ३ मिलिमीटर वाढतं. तेवढंच स्टेनलेस सुमारे ५ मिलिमीटर. ज्या हेडला मॅनिफोल्ड आवळलाय ते मात्र पाण्यामुळे शंभरेक अंशांवरच राहतं, म्हणून फारसं वाढत नाही. ही ओढाताण सामावली नाही की भेग पडते, नाहीतर टोकाचा स्टड तुटतो.

बीड वेल्ड करणं अवघड, कारण त्यात कार्बन तीन-साडेतीन टक्के असतो. वेल्डजवळचा भाग झटकन थंड झाला की काचेसारखा कडक आणि ठिसूळ होतो. साधा रॉड लावला तर शिवण चांगली दिसते आणि शेजारीच नवी चीर जाते. म्हणून निकेलचा रॉड घ्यायचा. निकेल मऊ राहतं, ताण सोसतं. भेगेच्या दोन्ही टोकांना ३ मिलिमीटरचं भोक पाडायचं म्हणजे ती पुढे सरकत नाही. मग ग्राइंडरने व्ही आकाराची खाच काढायची. बिडात मुरलेलं तेल आणि काजळी गॅसच्या ज्योतीने जाळून टाकायची. इंचभरच शिवण मारायची, ती गरम असतानाच छोट्या हातोडीने हलके ठोकायची, हात लावता येईल इतकी निवू द्यायची आणि मगच पुढची. दुसरी पद्धत म्हणजे अख्खा तुकडा सारखा ३०० अंशांच्या वर तापवून वेल्ड करणं आणि कोरड्या राखेत किंवा चुन्यात पुरून रात्रभर निवू देणं. दोन्ही चालतात. अर्धवट तापवून घाईने थंड करणं मात्र कधीच चालत नाही.

वळण फारच वेगळं हवं असेल, तर बीड सोडून पोलादाचा नवा मॅनिफोल्ड बांधावा. पॅकिंगवरून १० ते १२ मिलिमीटर जाडीच्या पट्टीचा फ्लँज कापायचा. त्यावर जाड भिंतीच्या काळ्या पाइपचे बेंड बसवायचे. जीआय पाइप अजिबात नको. त्यावरच्या जस्ताचा धूर छातीत जाऊन वेल्डरला ताप भरतो. फ्लँज जाड प्लेटला आवळूनच टाके मारायचे आणि एका टोकाकडून दुसऱ्याकडे न जाता आलटून पालटून शिवण घ्यायची. तरी तो थोडा वाकतोच, म्हणून शेवटी सरफेस ग्राइंडिंग. स्टडची मधली भोकं नेमकी ठेवून टोकाची १-२ मिलिमीटर मोठी करावीत, म्हणजे वाढायला जागा राहते. काही कारागीर फ्लँज पोर्टांच्या मध्ये कापून सुटाही करतात. मला ही पद्धत फार आवडते. टर्बो असेल तर त्याचं वजन मॅनिफोल्डवर टांगू नये, ब्लॉकवरून आधार द्यावा.

गाडीतच आर्क लावायची असेल तर बॅटरी सोडवून ठेवावी आणि अर्थिंगचा चिमटा शिवणीशेजारीच धरावा. इंजिन बदलण्याआधी आरटीओची परवानगी लागते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यासाठीच आहे, आणि २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मूळ रचनेत बदल करण्याबाबत कडक भूमिका घेतली.

बसवण्याआधी शिवणीच्या आत रॉकेल फिरवायचं, बाहेर खडू फासायचा. चीर असेल तर डाग उमटतो. मग पहिली फेरी खंडाळ्यापर्यंत. परतल्यावर इंजिन पूर्ण निवलं की मधल्या नटापासून टोकांकडे जात सगळे पुन्हा आवळायचे, आणि पॅकिंगच्या कडेला काजळी दिसते का ते पाहायचं.