‘नाही’ या उत्तराचे मोल

‘क्लूडो’ हा बैठा खेळ तुमच्यापैकी काहींनी खेळला असेल. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या अँथनी प्रॅट यांनी तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात योजला व १९४९ साली तो बाजारात आला. डॉ. ब्लॅक यांचा बंगल्यात खून झाला आहे; तो कोणी, कोणत्या हत्याराने व कोणत्या खोलीत केला, हे शोधायचे. संशयित ६, हत्यारे ६, खोल्या ९; म्हणजे शक्यता ६ × ६ × ९ = ३२४. प्रत्येक गटातला एक पत्ता न बघता लखोट्यात घालतात, उरलेले १८ खेळाडूंत वाटतात.

समजा, मीना, तिच्या डावीकडे सुरेश व त्याच्या डावीकडे तुम्ही, असे तिघे बसला आहात. तुमच्याकडे २ संशयित, २ हत्यारे व २ खोल्या आल्या. हे पत्ते लखोट्यात असणे शक्यच नाही. एकही प्रश्न न विचारता शक्यता उरल्या ४ × ४ × ७ = ११२!

आता चौकशी. खेळाडूने तिन्ही गटांतले एकेक नाव घ्यायचे. डावीकडच्याजवळ त्यांपैकी काही असेल तर त्याने एकच पत्ता, तोही फक्त विचारणाऱ्याला, दाखवायचा; नसेल तर ‘नाही’ म्हणायचे व पाळी पुढच्याकडे जाते. नवशिके स्वतःला दिसलेल्या पत्त्यांचीच नोंद ठेवतात आणि तिथेच मागे पडतात.

मीना विचारते, ‘मिस स्कार्लेट, खंजीर, ग्रंथालय?’ सुरेश तिला काहीतरी दाखवतो. तुम्हाला ते दिसत नाही, तरी टिपून ठेवा : या तिन्हींपैकी निदान एक सुरेशकडे आहे. पुढे तुम्ही विचारता, ‘मिस स्कार्लेट, दोरी, स्वयंपाकघर?’ दोघेही म्हणतात, ‘नाही’. दोरी व स्वयंपाकघर तुमच्याच हातात आहेत; तेव्हा स्कार्लेट लखोट्यातच! आता मघाचे टिपण काढा. स्कार्लेट सुरेशकडे नाही आणि खंजीरही तुमच्याचकडे आहे. मग त्याने दाखवले ते ग्रंथालयच. शक्यता उरल्या १ × ४ × ६ = २४.

मात्र ‘नाही’ खरे हवे. एकदा माझ्या भाच्याने हातातला पत्ता नजरेआड होऊन एका खोलीला ‘नाही’ म्हटले. मी त्यावर बिनचूक तर्क रचला, ऐटीत आरोप केला आणि लखोट्यात निघाली दुसरीच खोली! चुकीचा आरोप करणाऱ्याला मग जिंकता येत नाही, नुसते पत्ते दाखवत बसावे लागते. तीच खोली मी पुन्हा विचारली असती, तर भाच्याने पत्ते नक्की चाळले असते. पण त्यासाठी सोंगटी पुन्हा त्या खोलीत न्यावी लागते, म्हणून मी कंटाळा केला.